केरबाने दोन पुसली, एक ठेवलं

खैरवाडीत केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा. जेवढं सांगितलं तेवढं सगळं करायचा. डोकं मात्र मध्ये आणायचा नाही.

त्याला तालुक्याच्या दूध संघात नोकरी लागली. संघाच्या एका थंडगार खोलीत एकमेकांना जोडलेली तीन मशिनं होती. बेचाळीस गावांतल्या गाई-म्हशींची माहिती त्यांच्यात होती. कोणती कधी व्याली, कोणाला लस कधी टोचली, सगळं. तिन्ही मशिनांत तीच माहिती, म्हणजे एखादं मशीन बिघडलं तरी काम अडायला नको. दिवसभरात काय काय घडलं, ते मशिनं आपापल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहीत. त्या लॉगवर लक्ष ठेवायचं, एवढंच केरबाचं काम.

नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. पिंपळदरीच्या सारिकाचे वडील म्हणाले होते, "कायम झालास की साखरपुडा. नाही झालास तर आमची पोरगी आमच्या घरी बरी." म्हणून केरबा जीव ओतून काम करू लागला.

पहिल्या दिवशी त्याच्या वरच्या अधिकारी शुभदा मॅडम म्हणाल्या, "केरबा, मशिनात जे जे घडेल ते ते लॉगमध्ये आलं पाहिजे. काही सुटता कामा नये."

"सुटणार नाही मॅडम."

केरबाने सगळ्या नोंदी चालू केल्या. कुणी गाय शोधली, नोंद. गाय सापडली, नोंद. नोंद झाली, हेही घडलंच की! मग त्या नोंदीची नोंद. त्या नोंदीच्या नोंदीची नोंद. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन नोंदींनी ठासून भरलं आणि बंद पडलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, सगळं कशाला? चूक झाली तरच नोंद. बाकीच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही."

"बरं मॅडम."

पुढच्या आठवड्यात दुसरं मशीन इशारे देऊ लागलं. पंखा फिरत नाही. आत तापलंय. फार तापलंय. केरबाने 'इशारा' एवढाच शब्द वाचला. इशारा म्हणजे काही चूक नव्हे. त्याने मान वळवली आणि खिडकीतून दुधाचे टँकर बघत बसला. चौथ्या दिवशी मशिनातून धूर निघाला.

"आता झाली चूक," केरबा म्हणाला, आणि त्याने नोंद केली.

मॅडम धावत आल्या. "अरे शहाण्या, धूर निघेपर्यंत थांबलास? जरा काही हललं की आधी मला फोन! मी कुठेही असले तरी."

"कुठेही?"

"कुठेही!"

मशीन दुरुस्त होऊन आलं. त्या रविवारी मॅडम जावेच्या डोहाळजेवणाला गेल्या. ओटी भरायला ताट उचललं आणि फोन वाजला.

"मॅडम, पहिलं मशीन म्हणतंय, कुणीतरी आत आलं."

"गुरांचे डॉक्टर असतील रे, माहिती भरत असतील. ठेव फोन."

पुन्हा फोन. "मॅडम, दुसरं मशीन म्हणतंय, कुणीतरी आत आलं."

"तेच डॉक्टर!"

पुन्हा फोन. "मॅडम, तिसरं मशीन..."

मग डॉक्टर बाहेर पडले. त्याचेही तीन फोन. डॉक्टर त्या दिवशी सात वेळा आत-बाहेर झाले. जाऊबाई ओटी पसरून बसून बसून कंटाळल्या आणि उठून गेल्या.

सोमवारी मॅडम दात ओठ खात म्हणाल्या, "तेच तेच तीनदा कशाला सांगतोस? तीन ठिकाणी एकच गोष्ट दिसली ना, की एक ठेवायची आणि दोन पुसून टाकायच्या. शिरलं डोक्यात?"

"शिरलं."

आणि खरंच शिरलं. लॉग स्वच्छ राहू लागला. फोन कमी झाले. मॅडम चक्क "शाबास" म्हणाल्या. तीन महिने संपत आले. केरबाला कायम करण्याचा कागद घेऊन मोठे साहेब स्वतः येणार होते.

ते येणार त्या सकाळी केरबाने सहज मशिनांत डोकावून पाहिलं. पहिल्या मशिनात गजराबाईंची म्हैस. दुसऱ्यात बघतो तर तीच म्हैस. तिसऱ्यातही तीच! पुढे बघितलं, तर बेचाळीस गावांतलं प्रत्येक जनावर तीन-तीनदा. केरबाला फार लाज वाटली. साहेबांनी पाहिलं असतं तर? त्याने पहिल्या मशिनाची जोडणी काढून ते जपून बाजूला ठेवलं. उरलेली दोन पुसून लख्ख केली.

अकरा वाजता साहेब आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, जनावरं शून्य?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "केरबा! जनावरं कुठायत?"

"पहिल्यात आहेत. तुम्ही म्हणालात तसं एक ठेवलंय. वायर काढलीय फक्त."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "अरे, मग जोड ना वायर!"

"नको!" मॅडम ओरडल्या. "तिघांत दोघं म्हणतील ते तिसरं खरं मानतं! दोघं म्हणतायत जनावरं नाहीत..."

पण साहेब मॅडमपेक्षा मोठे. केरबाने वायर जोडली.

पहिल्यानेही दोघांसारखंच केलं. बेचाळीस गावांतलं शेवटचं वासरूही पुसलं गेलं.

साहेबांनी हातातल्या कागदाचे शांतपणे चार तुकडे केले.

केरबाने मात्र तिन्ही मशिनं नीट तपासली. पहिलं म्हणालं, शून्य. दुसरं म्हणालं, शून्य. तिसरं म्हणालं, शून्य.

"मॅडम," तो म्हणाला, "तिघंही परत तेच सांगतायत. आता कुठली दोन पुसू?"