पिंपळाचा चुनेगच्ची पार

गोदाकाठच्या सोनकसबे गावी अनंतगिरी महाराज चातुर्मासाला राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट. पेठेच्या ऐन चौकात म्हातारा पिंपळ होता. महाराजांचे आसन त्याच्याच सावलीत. पण सावली तरी कसली! भर श्रावणात पाने पिवळी पडून गळत होती.

पेठेचे प्रमुख नागोशेट यांना यात काहीतरी काळेबेरे दिसत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मोठ्या भक्तीने पिंपळाला घडीव दगडांचा पार बांधला होता. थेट खोडापर्यंत चुन्याने लिंपून, मुंगीही शिरणार नाही असा. एवढी सेवा केल्यावर झाड वाळतेच कसे? झाड मरावे म्हणून कुणीतरी मुळाशी हिंग घालत असणार! शेटजींनी वाण्यावाण्याकडे हिंगाची चौकशी केली. सुगावा लागेना, तसा संशय बळावला. पुढे तर त्यांना महाराजांचाही संशय येऊ लागला. हा गोसावी नेमका याच झाडाखाली का बसला?

एके सकाळी माडीच्या खिडकीआडून पाहतात तो सगुणा माळीण पाराशी वाकलेली. तिने इकडेतिकडे पाहून पदराआडची छिन्नी काढली, चुना उकरला आणि झाकल्या मडक्यातले काहीतरी आत ओतले. शेटजी धावत खाली आले आणि त्यांनी तिचे मनगट धरले. पेठ गोळा झाली.

"पाणीच हाय, शेटजी," सगुणा म्हणाली. "पाऊस पारावरनं वाहून जातुया. झाडाला थेंब गावत न्हाई."

मोठी आली शहाणी, म्हणून लोक हसले. देवाचा पार फोडल्याबद्दल दिवेलागणीच्या आत गाव सोडायचे, असे शेटजींनी फर्मावले. ती महाराजांच्या पायाशी बसून रडली. "माझं ऱ्हाऊ द्या, महाराज. पर मी गेल्यावर याला पाणी कोण घालील?"

महाराज उठले. त्यांनी आधी शेटजींनाच पारावर घागर ओतायला सांगितली. पाणी चुन्यावरून घसरून सगळेच्या सगळे गटारात गेले. मग महाराजांनी सगुणेने उकरलेल्या भोकाशी कमंडलू कलता केला. पाणी आत जाऊ लागले. घटका उलटली तरी धार थांबेना! जमिनीखालून तहानलेले जनावर पाणी पिते तसा घटघट आवाज आला.

यात हातचलाखी असणार, असे शेटजींना अजूनही वाटत होते. त्यांनी कमंडलू मागून घेतला आणि तळ चाचपून पाहिला. त्यांच्या हातातही धार तशीच चालू राहिली. एवढ्यात पार तडकला. एक दगड सरकला, आणि फटीत वाट शोधून शोधून वेटोळी झालेली पांढरी मुळे दिसली. वर वाळल्या फांदीला तांबूस पालवी फुटली होती.

शेटजींनी कमंडलू खाली ठेवला. झाडाचा मारेकरी ते गावभर शोधत होते, आणि तो त्यांच्याच ताटात जेवत होता. त्यांनी महाराजांचे पाय धरले.

महाराज म्हणाले, "माझे पाय कशाला धरता? ज्याचे पाय तुम्ही चुन्यात गाडलेत, त्याच्यापुढे वाका. आणि ज्या माउलीला ते कळले, तिच्यापुढेही."

नागोशेटांनी चिखलात कपाळ टेकवले, आधी पिंपळापुढे, मग सगुणेपुढे. उठले ते हात पुढे करूनच.

"सगुणाबाई, छिन्नी देता का?"

तिने डोळे पुसून छिन्नी त्यांच्या हाती दिली. "हळू हां, शेटजी. खाली मुळं हायती."