दारात जोडलेले हात

"नियम मोडला तर रिपोर्ट लिहायचा नाही का, माई?"

शलाका अजून पायरीशी वाकलेली होती. घाटाची वळणं तिला सोसली नव्हती. जीपमधून उतरताच मठाच्या अंगणात तिला उलटी झाली होती. मठ सांभाळणाऱ्या गोदामाई तांब्यातून तिच्या हातावर पाणी ओतत होत्या.

"अकरा वर्षं विमानात उभी राहून चहा देतेस," माई म्हणाल्या, "आणि जीपमध्ये ही गत?"

शलाका हसली नाही. विमानातल्या सेविकांची ती प्रमुख होती. तिने पिशवीतून रिपोर्टचा छापील कागद काढला.

"सहाच्या आत पाठवायचाय. सही केली की माझ्या हाताखालच्या रोशनीची नोकरी गेली. पेन हातात घेते आणि... म्हणून आले."

"काय केलं तिने?"

"टिप घेतली. पाचशे रुपये. एका म्हातारीची उलटी पुसली होती, लुगड्याचा पदर धुऊन दिला होता. प्रवासी उतरताना आम्ही दारात हात जोडून उभ्या असतो. म्हातारीने जोडलेल्या हातांतच नोट खोचली."

"परत नाही दिली?"

"म्हणते, तिचे डोळे बघून जमलं नाही. डोळे!" शलाकाचा आवाज चढला. "आज हिने घेतली, तर उद्या नोट दाखवेल त्याला आधी पाणी मिळेल. बाकीचे बसतील घंटी दाबत. मी आजवर एक पैसा घेतला नाही, माई."

"खरं आहे."

माईंनी चुलीतली राख आणली. अंगणातल्या ओकारीवर पसरली. खाली बसून पत्र्याच्या तुकड्याने घाण भरू लागल्या. वय एक्क्याऐंशी.

"माई, तुम्ही नका... मी करते."

"बस गुमान. गरगरतंय अजून तुला."

शलाका बसली नाही. माईंनी जागा सारवली. हात धुतले.

साडेचारला जीपवाल्याने खालून हॉर्न दिला.

शलाकाने पर्समधून एक नोट काढली. "हे ठेवा."

"कशाचे?"

"...असेच."

"इथे कुणी काही घेत नाही. दानपेटीसुद्धा नाही. तुला ठाऊक आहे."

"तुम्ही माझी घाण काढलीत, माई. मी तशीच कशी जाऊ?"

पाहुणा निघाला की माई दारात उभ्या राहून हात जोडत. तशाच उभ्या राहिल्या.

शलाका दोन पायऱ्या उतरली. थांबली. झटकन मागे वळून तिने ती नोट माईंच्या जोडलेल्या तळव्यांमध्ये सरकवली, आणि...

तिचा हात तिथेच राहिला.

माईंनी जोडलेले हात सोडले नाहीत. नोट मध्ये होती.

हॉर्न पुन्हा वाजला.

"कागद काढ," माई म्हणाल्या. "रोशनीच्या नावाखाली जागा आहे. माझं नाव लिही."