जागा कमी आहेत

“आणखी किती भरू, मास्तर?”

इनास मास्तर पियानोच्या पट्ट्या फडक्याने पुसत होते.

“दहा बोटं आहेत. दहाही लावली. अकरावं कुठून आणू?”

“वाजव,” मास्तर म्हणाले.

शंतनूने वाजवलं. गाणं संथ होतं. जाझवाले त्याला बॅलड म्हणतात. शंतनूचे कॉर्ड भरगच्च होते, एकेका कॉर्डमध्ये सहा-सात सूर. आणि दोन कॉर्डांच्या मध्ये आर्पेजिओ. म्हणजे कॉर्डचे सूर एकदम न दाबता एकामागून एक उलगडत न्यायचे. तो ते खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत नेई आणि तिथून परत खाली आणी. हात देखणे चालत. हे त्यालाही माहीत होतं.

गाणं संपलं. वाडीतल्या केळीची पानं वाजत होती. मास्तर अजून फडकं झटकत होते.

मास्तरांचं वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत पियानो वाजवून ते वसईजवळ भुईगावला आपल्या घरी परत आले होते. पियानो ओटीवर होता. खाऱ्या वाऱ्याने दोन पट्ट्या फुगून अडकत. शिकायला येणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते चहा पाजून परत पाठवत.

शंतनूला आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं. परीक्षेची आठ सर्टिफिकेटं तो फाइलमध्ये घालून घेऊन आला होता. मास्तरांनी त्या फाइलवर चहाचा कप ठेवला होता.

“एवढं भरायला कुणी सांगितलं?”

“प्रिस्काने.”

“डाबऱ्यांची प्रिस्का? चर्चमध्ये गाते ती?”

“तीच. पाच वर्षं तिच्यामागे मीच वाजवतो. येत्या रविवारी सणाचा कार्यक्रम आहे, संध्याकाळी सहाला. आणि ती म्हणते, तुझं असंच चाललं तर मी आगाशीच्या गिटारवाल्याला घेते. रविवारपुरतं नाही. कायमचं.”

“गिटारवाला बरा आहे.”

“मास्तर, मला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणामागे वाजवायचं नाही.”

एवढा वेळ मास्तर उभे होते. आता ते खुर्चीत बसले.

“ती काय म्हणाली? तिचे शब्द सांग. तुझा अर्थ नको.”

“ती म्हणाली, शंतनू, जागा कमी आहेत. जागा वाढव.”

“आणि तू?”

“वाढवल्या की! पंधरा दिवस, रोज चार तास. ओळीओळीत नव्या जागा बसवल्या. तालमीत वाजवून दाखवल्या, तर तिने अर्ध्यातच गाणं थांबवलं आणि चपला घालून निघून गेली.”

मास्तरांचे खांदे हलू लागले. चेहरा लाल झाला. शंतनूला वाटलं, ठसका लागला. तो पाणी आणायला उठला...

मास्तर हसत होते.

“कार्मेल! अगं, बाहेर ये. हातातलं ठेव आणि ये!”

मास्तरांच्या पत्नी कार्मेलबाय डाव हातात घेऊनच आल्या.

“तुझ्या घरी कोण गातं रे?” मास्तरांनी डोळे पुसत विचारलं.

“काका. भजनी मंडळात.”

“काकांनी एखादी तान छान फिरवली, की घरातले काय म्हणतात?”

“म्हणतात, वा, काय जागा घेतली!”

“बघ. तुमच्याकडे जागा म्हणजे ती. आमच्याकडे जागा म्हणजे चर्चच्या बाकावरची. कुणीतरी सरकतं, तेव्हा मिळते.”

शंतनूचे कान तापले.

“म्हणजे ती मला... सरकायला सांगत होती?”

“पंधरा दिवस सांगत होती,” कार्मेलबाय म्हणाल्या. “आणि तू बाकावर मांडी घालून बसलास.” त्या पुन्हा आत गेल्या. आतूनही बराच वेळ हसू ऐकू येत होतं.

शंतनूला राग आला. पहिल्यांदा प्रिस्काचा, मग काकांचा. मग तोही हसला, पण थोडंसंच.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “काय काढू ते सांगा.”

“कॉर्डमधला पाचवा सूर काढ. तो गेला तरी कुणाला कळत नाही. डाव्या हातात पहिला आणि सातवा. उजव्यात तिसरा आणि नववा. चार सूर.”

“चारच? पोकळ वाटेल.”

“वाजव.”

शंतनूने चार सूर दाबले, अंतर ठेवून. पोकळ वाटलं नाही. ओटी मोठी झाल्यासारखं वाटलं. त्याने पुन्हा दाबले. पुन्हा.

“हे श्रीमंत आहे,” तो हळूच म्हणाला.

“ती तिसरा गात असेल तिथे तिसराही सोड. तो तिचा.”

“मग माझ्याकडे तीनच राहिले.”

“मोजता येतं तुला. बरं आहे.”

मंगळवार, बुधवार, गुरुवार हेच चाललं. सकाळी शंतनू यायचा आणि सूर काढायचा. कॉर्ड साफ झाले. सूर लांबवणाऱ्या पेडलवरचा त्याचा पाय मास्तरांनी छडीने उचलला. म्हणाले, “गाळ बसतो.” तेही जमलं. पण आर्पेजिओ काही सुटेना. ओळ संपली की हात आपोआप वर धावत. प्रत्येक ओळीला. मास्तर नुसतं बघत.

शुक्रवारी शंतनू म्हणाला, “आर्पेजिओ कुठे घ्यायचा त्याचा नियम सांगा. मी लिहून घेतो.”

“नियम नाही.”

“मग कळायचं कसं?”

मास्तरांनी खुर्ची पियानोजवळ ओढली.

“मी बोलतो. तू माझ्यामागे वाजव. गाणं तेच.”

“बोलण्यामागे?”

“मला गाता येत नाही. वाजव.”

शंतनूने सुरुवात केली. मास्तर बोलू लागले.

“माझं लग्न होतं. पियानो दुसऱ्या गावाहून आणायचा होता. बैलगाडीत घातला. मीही गाडीतच बसलो, सूट घालून. वाटेत चाक चिखलात रुतलं. बैल हलेनात. माणसं ओढून ओढून थकली. कुणीतरी म्हणालं, नवरदेवा, वाजव काहीतरी, तालावर ओढतो. मी चालत्या गाडीवर वाजवत वाजवत चर्चपर्यंत पोचलो. तासभर उशीर. पाद्री घड्याळ घेऊन उभा. माझ्या अंगभर चिखल. दारात कार्मेल उभी होती, आणि तिने...”

इथे ओळ संपली. शंतनूचे हात धावले. खालपासून वरपर्यंत, वरून खाली, चकचकीत.

हात थांबले. मास्तर खुर्चीला टेकून बसले होते.

“मग काय झालं?”

“सांगितलं की.”

“कधी?”

“तू वाजवत होतास तेव्हा.”

“मला ऐकू आलं नाही.”

“हो का?” मास्तर म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून.”

पुन्हा लग्न. पुन्हा बैलगाडी. यावेळी शंतनूने हात हलका ठेवला. चिखल आला, सूट आला, पाद्री आला. “दारात कार्मेल उभी होती, आणि तिने...”

हात पुन्हा धावले. शंतनूने दात आवळले, पण तोवर मास्तरांचे ओठ हलून मिटले होते.

“मास्तर, काय केलं त्यांनी? नुसतं सांगा ना!”

“दोनदा सांगितलं.”

“तिसऱ्यांदा सांगा.”

“मग तिसऱ्यांदा वाजव.”

तिसऱ्या वेळी शंतनू पट्ट्यांकडे बघतच नव्हता. तो मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता. चार सूर ठेवत होता, कधी तीन, कधी नुसता एक. गाडी रुतली तेव्हा त्याने काहीच वाजवलं नाही. माणसांनी ओढायला घेतलं तेव्हा डाव्या हाताने खाली हळूच पाऊल टाकलं. पाद्री आला, घड्याळ आलं.

“दारात कार्मेल उभी होती... आणि तिने...”

मास्तरांनी श्वास घेतला.

त्या श्वासात शंतनूच्या हाताने कॉर्ड उलगडला. खालून. सावकाश. पाचच सूर. शेवटचा सूर वर जाऊन उभा राहिला आणि विरू लागला. मास्तर तो पूर्ण विरेपर्यंत थांबले.

“...मला बघितलं, आणि ती हसली.”

शंतनूने हात पट्ट्यांवरून उचलले.

“हसले नाही!” आतून आवाज आला. “शिवी दिली!”

“हसत दिलीस!”

“पाद्रीसमोर दिली, म्हणून तो हसला. मी नाही हसले.”

“साठ वर्षं मी हेच सांगतोय, ती हसली म्हणून.”

“साठ वर्षं खोटं सांगतोय हा माणूस. तू जेवून जा रे, शंतनू.”

शंतनू पोट धरून हसत होता. हसता हसता त्याने तेच पाच सूर पुन्हा वाजवले, शिवीसाठी. मास्तरांनी मान डोलावली. एकदाच.

रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून प्रिस्का आली. मास्तरांनीच निरोप पाठवला होता. ती दारातच उभी राहिली. शंतनूकडे तिने बघितलं नाही.

“मास्तर, तुमच्यासाठी आले. एकदाच गाईन. अर्ध्यात थांबले तर रागावू नका.”

“थांब की. तुझं तोंड आहे.”

ती खांबाला टेकून गाऊ लागली. शंतनूने पहिला कॉर्ड ठेवला आणि हात उचलला.

पहिली ओळ संपली. प्रिस्का वाट बघत होती. तिला सवय होती, आता पूर येणार. तिने खांदेही आखडले होते.

काही आलं नाही. नुसता तिचा सूर होता, आणि खाली चार सूर.

तिने मान वळवली. दुसरी ओळ तिने जरा लांबवली, मुद्दाम, बघायला. तो तिच्यासोबत थांबला. तिसरीत तिने ठरलेल्यापेक्षा उशिरा उचललं. तो तिथेच होता. चौथ्या ओळीला तिचे खांदे उतरले, आणि आवाज मोकळा झाला. इतका मोकळा, की कार्मेलबाय भांडी तशीच टाकून दाराशी आल्या.

मधल्या कडव्यात एक शब्द होता. तिथे प्रिस्का नेहमी घाई करायची. आज तिने त्याच्या आधी श्वास घेतला, मोठा. त्या श्वासाखालून सूर एकेक करत वर आले आणि त्यांनी तिला तो शब्द हातात आणून दिला. ती शब्दावर हसली. गाता गाता. सूर हलला, पण तिने तो सावरला नाही. तसाच ठेवला.

गाणं संपलं. शेवटी शंतनूने काही वाजवलं का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

प्रिस्का खांबापासून बाजूला झाली.

“सहाला कार्यक्रम आहे,” ती शेवटी म्हणाली. “साडेपाचला ये. आणि तो चॉकलेटी शर्ट घालू नकोस. वेटर दिसतोस.”

“गिटारवाला?”

“त्याला सांगते, आमच्याकडे जागा नाही.”

ती हसत पायऱ्या उतरली आणि वाडीतून तेच गाणं गुणगुणत गेली. कार्मेलबायनी डोळ्यांना पदर लावला आणि कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. हातात कांदा नव्हता.

शंतनू स्टुलावर बसून राहिला. त्याला नाचावंसं वाटत होतं. बैलगाडीत बसून वाजवत घरी जावंसं वाटत होतं. पण एक गोष्ट राहिली होती. सहा दिवस त्याने त्यासाठी घाम गाळला होता. प्रिस्का तर त्याच्या वाजवण्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

मास्तर वाडीकडे तोंड करून बसले होते. चष्मा हातात होता.

“मास्तर,” शंतनू म्हणाला, “आता तरी सांगा. मी कसं वाजवलं?”

मास्तरांनी चष्मा लावला. त्याच्याकडे वळून बघितलं, जरा दचकून, तो तिथे आहे हे आत्ताच लक्षात आल्यासारखं.

“कुणास ठाऊक,” ते म्हणाले. “मी गाणं ऐकत होतो.”