कुमुदचा कुकारा

फार पूर्वी, तुमच्या आजीच्या आजीलाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक गुरुजी होते. स्वभावानं अगदी देवमाणूस. मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. फक्त एक हेका होता. शाळेत आलं की सगळे एकसारखे! टोपी एकसारखी, बसणं एकसारखं, बोलणंही एकसारखं. हजेरीला नाव पुकारलं की पोरानं ताठ उभं राहून म्हणायचं, "हजर, गुरुजी!" 'आलो', 'हाय की', 'ओ' असलं काही चालायचं नाही.

या हेक्यालाही कारण होतं बरं का. गुरुजी लहानपणी लांबच्या खाडीकाठच्या वस्तीतून शिकायला आले होते. त्यांनी तोंड उघडलं की अख्खा वर्ग खो खो हसायचा. मग त्यांनी आपली बोली अशी गिळली की पुन्हा कधी ओठावर येऊ दिली नाही. आपल्याला हसले तसं आपल्या वर्गात कुणी कुणाला हसू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मन चांगलं होतं हो, कोण नाही म्हणतंय? पण समोरच्याला एकदा विचारायला नको?

गावाला लागून नदी होती. नदीपलीकडे रान, आणि रानात एक पाडा. पाड्यावरची माणसं मध काढायची, बांबू तोडायची. झाडी इतकी दाट की साधी हाक मारली तर चार पावलांवर विरून जायची. म्हणून त्यांच्याकडे एक रीत होती. मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक कुकारा, म्हणजे 'कू' करून घालायची साद, ठरवायची; तेच त्याचं नाव. कुणाचा लांबलचक, कुणाचा तुटक, कुणाचा शेवटी उंच चढणारा. आईनं तो घालायचा आणि त्याच पोरानं तो परत द्यायचा. दुसऱ्याचा कुकारा कुणी गमतीनंसुद्धा घालत नसे. आई डोंगराच्या या अंगाला असो, लेकरू त्या अंगाला असो, कुकारा गेला आणि परत आला की आईच्या जिवात जीव यायचा.

एके दिवशी त्या पाड्यावरची एक बाई आपल्या लेकीला घेऊन नदी ओलांडून शाळेत आली. पाड्यावरून शाळेत आलेली ही पहिलीच मुलगी. गुरुजींना केवढा आनंद झाला! दौत-टाक पुढे ओढून त्यांनी विचारलं, "नाव काय मुलीचं?"

बाईनं मान वर केली, ओठांशी हात धरला आणि कुकारा घातला, "कूऽऽऽ-हुक्!" लेकीनंही हसत हसत तस्साच परत दिला.

झालं! वर्गाची हसून हसून मुरकुंडी वळली. एक पोरगा तर पाटीसकट मागे कलंडला. गुरुजींचा चेहरा लाल झाला. आपलं जुनं दुखणं त्यांना आठवलं.

"अहो बाई, हे नव्हे. नाव, नाव सांगा!"

"ह्येच की," बाई म्हणाली. "हिला ह्येच हाय."

खरं तर तिथेच गुरुजींनी म्हणायचं होतं, "बाई, हा कुकारा कसला, आमच्या पोरांना जरा सांगा की." पोरं हसायची थांबली असती आणि कान टवकारून ऐकत बसली असती. पोरांना असल्या गोष्टी हव्याच असतात. पण गुरुजींना घाई झाली होती ती हसणं थांबवायची. ते मुलीला जवळ घेऊन म्हणाले, "आजपासून तू कुमुद. छान नाव आहे, कुणी हसणार नाही. आणि ते कुकारे वगैरे नदीच्या पलीकडे ठेवायचे. शाळेत ते चालत नाही. कळलं?"

शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे तशीच रीत असणार, असं त्या माउलीला वाटलं. "तुमी म्हणाल तसं," म्हणून ती गेली.

सुरुवातीला हजेरीत 'कुमुद' म्हटलं की पोरीचा हात आपोआप ओठांशी जायचा. गुरुजी बोट हलवायचे. मग ती हात खाली घ्यायची आणि हळूच म्हणायची, "हजर." गुरुजी तिला गुळाचा खडा द्यायचे. पोरगी मोठी हुशार! बघता बघता तिचं 'हजर' वर्गात सगळ्यात खणखणीत झालं. पाढे पाठ, कविता पाठ, अक्षर मोत्यासारखं. गुरुजी बायकोला म्हणायचे, "बघशील, ही पोर नाव काढणार."

संध्याकाळी आई पलीकडच्या काठावर उभी राहून कुकारा घालायची. कुमुद आधी तो मोठ्यानं परत द्यायची. मग मागून येणारी पोरं हसतात म्हणून हळू द्यायला लागली. आणि मग एक दिवस तिनं तो दिलाच नाही. खाली मान घालून पाण्यातून गेली. आईला वाटलं, पोरीचा घसा बसला. तिनं तिला मधाचं बोट चाटवलं.

थंडी सुरू झाली. दरवर्षी या दिवसांत सगळा पाडा मधासाठी घाट ओलांडून लांबच्या रानात जायचा, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचा. या वेळी कुमुदनं गुरुजींच्याच घरी राहून शिकायचं ठरलं होतं. निघायच्या आधी आई भेटून जाणार होती.

ती आली, पण नेमकी नको त्या वेळी आली. त्या दिवशी तालुक्याचे साहेब शाळा बघायला आले होते. कुमुद त्यांच्यापुढे उभी राहून कविता म्हणत होती. साहेब खूश, गुरुजी त्याहून खूश. तेवढ्यात कुंपणाबाहेरून आवाज आला, "कूऽऽऽ-हुक्!"

कुमुद एक क्षण थांबली. मग पुढची ओळ म्हणू लागली.

"कूऽऽऽ-हुक्!" पुन्हा आवाज आला. मागची पोरं तोंडावर हात धरून हसायला लागली.

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "कोण ओरडतंय हो बाहेर?"

गुरुजींनी कुमुदकडे पाहिलं. कुमुदनं गुरुजींकडे पाहिलं. आणि स्वच्छ, शुद्ध आवाजात ती म्हणाली, "कुणी रानातली बाई असेल, साहेब. शाळेत तसलं चालत नाही."

"वा गुरुजी! काय वळण लावलंय मुलांना!" साहेब म्हणाले.

उठावं, दार उघडावं, 'साहेब, ही हिची आई' म्हणावं, असं गुरुजींना वाटलं. पण समोर साहेब बसले होते. गुरुजी कसंनुसं हसले आणि बसूनच राहिले. बाहेर तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

साहेबांची गाडी गेली तसे गुरुजी धावत बाहेर आले. कुंपणाच्या दगडावर पळसाच्या पानात बांधलेलं मधाचं पोळं ठेवलेलं होतं. कुमुदनं ते पाहिलं.

"गुरुजी, आई चालली!" एवढंच म्हणून ती नदीकडे पळाली. तिच्या मागे गुरुजी, धोतराचा सोगा सावरत.

नदीवर पोहोचले तेव्हा पाड्याची माणसं पलीकडच्या चढाला लागली होती, धावूनही गाठता येणार नाहीत इतकी लांब. सगळ्यांच्या मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली आई होती. गुरुजींनी घसा फोडून हाक मारली, "अहो बाई! थांबा!" नदीच्या खळखळाटात ती विरून गेली.

"कुमुद, घाल बाळ! कुकारा घाल!"

कुमुदनं ओठांशी हात धरला. नुसती हवा आली. तिनं पुन्हा जोर लावला. काहीतरी चिरका आवाज निघाला, वर्गातली पोरं तिला चिडवताना काढायची तसला. आईचा कुकारा तो नव्हेच.

"अगं, घाल ना! मी सांगतो, घाल!" गुरुजी रडकुंडीला आले.

पोरगी गोंधळली, घाबरली. आणि गुरुजी सांगतायत म्हटल्यावर सवयीनं ताठ उभी राहिली, हात सरळ खाली सोडले आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "हजर! हजर! हजर!"

चढाच्या वळणावर आई थांबली. मान वळवून तिनं कान दिला. ज्याची वाट बघत होती ते काही ऐकू आलं नाही, तशी ती वळणाआड निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेताना सांगितलं, "आजपासून ज्यानं त्यानं आपल्या घरी जशी ओ देतात तशी द्यायची. आणि ती कशी, का, ते सगळ्यांना सांगायचं. हसायचं नाही, ऐकायचं." पोरं आधी लाजली. मग कुंभाराच्या पोरानं मडक्यावर टिचकी मारावी तशी जीभ वाजवली, कारण चाकावर बसलेल्या बापाला तेवढंच ऐकू जायचं. एकानं शीळ घातली. वर्गात नुसती धमाल उडाली. शेवटी एक धीट पोरगी म्हणाली, "गुरुजी, तुमच्या घरी कशी ओ द्यायचे?"

गुरुजींनी तोंड उघडलं. खाडीकाठची आई आठवली, तिची हाक आठवली. आपण काय ओ द्यायचो, ते मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी डोळे पुसले आणि पुढचं नाव घेतलं, "कुमुद."

"हजर, गुरुजी," कुमुद म्हणाली. अगदी त्यांनी शिकवलं होतं तसं.

रोज सगळी पोरं आपापल्या घरची ओ द्यायची आणि कुमुद रोज 'हजर' म्हणायची. गुरुजी तिला आग्रह करत नसत. कुठल्या तोंडानं करणार?

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाडा परतला. एका सकाळी आई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. गुरुजी पायात वहाणा न घालताच धावले. त्यांनी फाटक उघडलं, हात जोडले. "बाई, माझी चूक झाली. आत या. कुकारा घाला. आता इथे चालतो, सगळ्यांचं सगळं चालतं. घाला ना!"

आई अवघडली. तिनं पदर सारखा केला, अंगावरची धूळ झटकली. चार लोकांत लेकीला आपल्यापायी खाली बघायला लागू नये म्हणून ती माउली अख्खी थंडी रानात एकच गोष्ट घोकत होती. तिनं वर्गाकडे पाहिलं आणि जपून, एकेक अक्षर लावत, परक्या माणसाला बोलवावं तशी हाक मारली.

"कु-मु-द."

कुमुद जागच्या जागी उभी राहिली आणि हमसून हमसून रडायला लागली. वर्गात कुणीही हसलं नाही. गुरुजी फाटक धरून तसेच उभे राहिले.

तात्पर्य एवढंच: मूल शाळेत येतं ते आपलं घर बरोबर घेऊन येतं. त्या घराला पहिल्याच दिवशी आत घ्यावं. एकदा दाराबाहेर थांबवलं, की मागाहून दार कितीही उघडा, ते घर आत येईलच असं नाही.