ळबाईच्या दोन जागा

त्या मुलखात वाचणं महाग झालं होतं आणि ऐकणं फुकट.

पूर्वी तसं नव्हतं. रोज पहाटे अक्षरं एका पांढऱ्या मैदानावर येऊन ओळीनं उभी राहायची आणि काल काय काय घडलं ते सांगायची. माणसं चहाचे कप घेऊन मैदानाच्या कडेला यायची, वाचायची, चार शिव्या हासडायची आणि कामाला जायची. मजुरी म्हणून प्रत्येक अक्षराला शाईचा एक थेंब मिळे. तो पोटात गेला की अक्षर दिवसभर काळंभोर. नाही गेला तर आधी करडं, मग पांढरं; आणि पांढऱ्या मैदानावर पांढरं अक्षर म्हणजे नसलेलंच. थेंब द्यायचे दौतसाहेब. त्यांचं पोट मोठं आणि तोंड अरुंद, त्यामुळे आत किती आहे ते कधी कुणाला दिसलं नाही. वाटपाचं काम त्यांचा टाक करायचा.

या अक्षरांत ळबाई होती. शेवटच्या बाकावर, ह च्या पलीकडे. चाळिशी उलटलेली, दोन्ही बाजूंनी सारखीच गोल. तिच्यापासून एकही शब्द सुरू होत नसे, आणि कुणी टोमणा मारायच्या आत ती स्वतःच ते सांगून मोकळी व्हायची.

"मी म्हणजे लग्नाच्या फोटोतली मागच्या रांगेतली बाई," ती म्हणायची. "नसले तर कुणाला पत्ता नाही, असले तर कुणाचं तरी तोंड झाकतं."

"आणि जेवायला पहिल्या पंगतीला," लराव म्हणायचा. हा तिच्या नात्यातला. उंच, हातात काठी, स्वभावानं सरळ.

मग डोंगरावर पडसाद राहायला आले. कुणी काहीही ओरडलं की ते चहूकडून ओरडायचे. त्यांना थेंब नको, सुट्टी नको. खरं का खोटं विचारलं तर तेच आणखी मोठ्यानं सांगायचे. माणसं अंथरुणात पडल्यापडल्याच ऐकू लागली. मैदानाची कड ओस पडली.

दौतसाहेबांनी ठरवलं, आता अर्धा थेंब. पण हे जाहीर करायचं तरी अक्षरंच लागतात. तेव्हा स्वतःच्या पगारकपातीची बातमी अक्षरांनी स्वतःच उभं राहून दिली: आपण सगळे मिळून सोसू.

ळबाई त्यात दोनदा होती. एकदा 'सगळे'मध्ये, एकदा 'मिळून'मध्ये. जन्मात पहिल्यांदा साहेबांच्या वाक्यात, तेही दोनदा! ती इतकी हरखली की वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला तो घरी परतताना.

अर्ध्या थेंबावर अख्खं अक्षर उभं राहत नाही. ज्यांच्याकडे काठी होती त्यांनी ती टाकली आणि शेजाऱ्याला टेकून अर्धी होऊन उभी राहिली. लरावही तसाच, वाक्याच्या शेवटी आला तर पूर्णविरामाला टेकायचा. ळबाईकडे टाकायला काठीच नव्हती. मग टाकानं नियमाप्रमाणे तिचा पाय मोडला.

"बरं झालं," ती लंगडत म्हणाली. "पळून जायचा प्रश्न मिटला."

अक्षरं फिकट झाली. उरलेसुरले वाचक डोळे बारीक करून बघायचे, कंटाळून जायचे. वाचक गेले म्हणून थेंब आणखी कमी, थेंब कमी म्हणून अक्षरं आणखी फिकट. एके दिवशी टाक ळबाईपाशी येऊन थांबला.

"बाई, ल आणि ळ जवळपास सारखेच. दोघं पोसणं साहेबांना परवडत नाही."

"पाव थेंबावर राहते की."

"तसं नव्हे हो. तुमच्यापासून एक तरी शब्द सुरू होतो का?"

"नाही बाबा," ळबाई म्हणाली. "पण बरेच माझ्यापाशी येऊन संपतात."

टाकाला ते समजलं नाही. ती समासात जाऊन बसली. मैदानाच्या कडेची ही पट्टी, काम गेलेल्यांची.

लराव दोघांचं काम करू लागला, थेंब मात्र तेवढाच. 'पाण्याची वेळ बदलली' ऐवजी 'पाण्याची वेल बदलली' असं उभं राहिलं आणि बायका कळश्या घेऊन वेल शोधत हिंडल्या. 'तापाचं मूळ सापडलं' याचं 'तापाचं मूल सापडलं' झालं. दोन दिवस लोकांनी एकमेकांची पोरं निरखून पाहिली. तिसऱ्या दिवशी सवय झाली. लोक म्हणाले, चालायचंच.

संध्याकाळी लराव समासात येऊन बसायचा.

"ताई, तुझं काम करताना तोंड दुखतं गं."

"दुखणारच. तिथं जीभ वळवावी लागते, लराव. तुझी सरळ."

तो आपल्या अर्ध्या थेंबातला घोटभर तिच्यापुढं सरकवायचा. ती "मी डाएटवर आहे" म्हणायची आणि अर्धा घोट घ्यायची. तेवढ्यावरच ती दिसत होती. तोही आता पुरता करडा झाला होता.

मग अर्ध्याचं पाव झालं. जाहीर करायला वाक्य तेच जुनं काढलं. ळबाईच्या दोन्ही जागी लराव उभा राहिला आणि मैदानावर आलं: आपण सगले मिलून सोसू. डोंगरावर एकच हशा पिकला. "सगले मिलून! सगले मिलून!" दिवसभर पडसाद थांबेनात.

वेल आणि मूल चाललं होतं, पण हे साहेबांचं स्वतःचं वाक्य. दुसऱ्या दिवशी पहाटे टाक धावत समासात आला.

"बाई, चला. एका दिवसाचं काम. अख्खा थेंब देतो."

ळबाईनं स्वतःकडे पाहिलं. आरपार पलीकडचं गवत दिसत होतं.

"आणि लरावाला?"

"त्याला आजचा दिवस बसू दे. साहेबांची मर्जी नाही."

ती उठली. अख्ख्या थेंबाचा वास तिला इथूनच येत होता. लंगडत लंगडत ती मैदानावर गेली. तिची जागा मोकळी होती. सगळी एकमेकांना टेकून उभी, विटलेली, तिच्याकडे बघत.

"ये गं लवकर," वरून मात्रा म्हणाली. "हात अवघडले माझे. तुझ्या डोक्यावर टेकू दे."

ळबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ओळ बाहेरून वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश.

"टाकराव," तिनं विचारलं, "या 'सगळे'मध्ये साहेब कुठं उभे आहेत हो?"

टाकानं मान वळवली. मागं दौतसाहेब जरा सरसावून बसले, आणि त्यांच्या पोटात काहीतरी डचमळलं. चांगलं भरलेल्या भांड्यात डचमळतं तसं.

"मला नाही जमायचं," ळबाई म्हणाली. "पाय मोडलाय माझा."

ती आली तशी परत गेली आणि समासात बसवलेल्या लरावाशेजारी टेकली. त्यानं हातातला घोट पुढं केला. या वेळी तिनं डाएटचं नाव काढलं नाही.

ऊन वर आलं. मैदानाच्या कडेला एक म्हातारी वाचक आली होती, अजून वाचणाऱ्यांपैकी. डोळ्यांवर हात धरून ती मोठ्यानं वाचू लागली. 'सग'च्या पुढं एक मात्रा लोंबत होती, खाली डोकं नव्हतं. 'मि'च्या पुढं एक ऊकार वाकून होता, वर पाय नव्हते. दोन्ही ठिकाणी म्हातारीची जीभ सवयीनं वर वळली, टाळूशी थांबली, आणि तिथं कुणीच नाही असं पाहून गुपचूप परत आली.