हरणाच्या साच्यावरची वहाण

रानातले प्राणी वहाणा घालून हिंडत, त्या काळातली ही गोष्ट. वहाणा शिवणारा एकच होता, साळोबा साळिंदर. त्याच्याकडे लाकडाचा एकच साचा होता, आजोबांनी हरणाच्या पायावरून कोरलेला. त्याच्यावरच तो सगळ्यांच्या वहाणा शिवायचा.

पाणकी बदकिणीचं तळं आटत आलं होतं. दुसरं तळं काटेरी माळापलीकडे होतं. पिल्लांना उडता येत नव्हतं, म्हणून त्यांना पाठीवर घेऊन तिला चालतच जावं लागणार होतं.

साळोबाच्या वहाणेत तिची बोटं चेंगरली. "थोडी लांब करून देतो," म्हणत त्याने दुसरी शिवली. ती पुढे वीतभर रिकामी राहिली आणि बाजूंनी तशीच चावली. पाणकी तोंडावर आपटली.

"बाई, तुझे पायच पसरट. जरा आवळून धर, होईल सवय."

"पाय आवळणार नाही," पाणकी म्हणाली, "आणि अनवाणीही जाणार नाही."

तिने तळ्याकाठच्या चिखलात दोन्ही पाय घट्ट रोवले. ठसे उन्हात कडक वाळू दिले आणि वाळलेल्या चिखलाची ती लादी चोचीने ढकलत साळोबाच्या दारात आणली.

"तुमचा साचा हरणाचा. हा माझा. आता याच्यावर शिवा."

साळोबाने ठशांची रुंदी मापली. मग त्याने पाठीचा काटा उपसला आणि वहाणेसाठी झाडाची साल रुंद कापली.

पाणकी पिल्लांसह माळ ओलांडून गेली. दुसऱ्या दिवशी साळोबाच्या दारात रांग लागली. इतकी वर्षं मुकाट्याने लंगडणारे अस्वल, रानरेडा, म्हातारा हत्ती, सगळे आपापली चिखलाची लादी घेऊन उभे होते.

रांगेच्या शेवटी हरीणही होतं; साचा हरणाचा असला, तरी त्याच्या पायाचा नव्हता.