काणेरीचं पाणी आणि पुन्हाभट

फार वर्षांपूर्वी, काणेरी नदीच्या डोहात भर उन्हाळ्यातही हत्ती बुडेल एवढं पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. सांगणाऱ्याने ती ऐकलेली आहे, आणि ज्याच्याकडून ऐकली त्यानेही ती ऐकलेलीच होती. तेव्हा थोडं इकडचं तिकडं झालं असेल. पण काणेरीकाठी ती अशीच सांगतात.

नदीवर जुन्या लोकांनी दगडी बंधारा बांधला होता. बंधाऱ्यातून एक मोठा पाट निघायचा आणि थोडं पुढे गेल्यावर त्याची दोन तोंडं व्हायची. उजव्या तोंडाचं पाणी सालदरं गावाच्या उसाला जायचं, डाव्या तोंडाचं निंबोळं गावाच्या. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही गावं तिथे जमायची. एक काठी आधी उजव्या तोंडावर आडवी धरायची, मग डाव्या तोंडावर. काठी दोन्हीकडे अगदी बरोबर बसायची. मग नारळ फुटायचा आणि वाटणी सारखी आहे असं ठरून माणसं घरी जायची.

तरीही सालदऱ्याचा ऊस डोक्याच्या वर जायचा आणि निंबोळ्याचा कमरेशी येऊन पिवळा पडायचा.

निंबोळ्याचे म्हणायचे, सालदऱ्याचे चोर आहेत. सालदऱ्याचे म्हणायचे, निंबोळ्याचे आळशी आहेत. असं किती पिढ्या चाललं कोण जाणे. दोन गावांमधल्या सोयरिकी बंद झाल्या, बाजारात एकमेकांच्या पालाकडे बघणंही बंद झालं. शेवटी एका वर्षी निंबोळ्याने निरोप धाडला, की यंदा आखाजीला आम्ही काठी घेऊन येणार नाही, पहारी घेऊन येऊ. आम्हाला पाणी नाही तर कुणालाच नाही. बंधारा फोडू.

सालदऱ्यात वैजनाथभट म्हणून एक जोशी राहत होता. काशीला राहून शिकलेला, ग्रहणाचं गणित तोंडावर करणारा. दोन्ही गावांची लग्नं तोच लावायचा. त्याचं ज्ञान मोठं होतं, पण त्याचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता. लग्नात पाण्याच्या घंगाळात वेळ मोजायचं भोकाचं घटिकापात्र सोडलं, की ते बुडेपर्यंत याचा जीव टांगणीला. भोकात तांदळाचा दाणा तर अडकला नसेल? घंगाळ कलतं तर नसेल? मग म्हणायचा, "पुन्हा एकदा सोडून बघू." लोक म्हणायचे, याच्याकडून मुहूर्त काढला तर नवरदेव बोहल्यावरच म्हातारा होईल. त्याचं नाव पडलं पुन्हाभट.

पहारींचा निरोप आला तेव्हा सालदऱ्याचे येसाजी पाटील म्हणाले, "जोशीबुवांनी पाणी मोजावं. ते सांगतील ते आम्हाला मान्य."

निंबोळ्यात यावर बरीच कुरबुर झाली. भट त्यांच्या गावचा, तो त्यांचंच ओढणार. तेव्हा पवळाबाई नावाची तिथली एक म्हातारी, जिच्यापुढे निंबोळ्याचा पाटीलही मान खाली घालून बसायचा, ती म्हणाली, "अरे, आपल्यावर अन्याय करायचा ठरवला तरी त्या माणसाला तो तीनदा तपासून बघावा लागेल. तेवढ्यात सुचेल त्याला काहीतरी बरं. मोजू द्या."

असं ओझं येऊन पडल्यावर पुन्हाभटाला अन्न गोड लागेना. आपण चुकलो तर? सारखं आहे म्हणालो आणि नसलं, तर बंधारा जाणार. सारखं नाही म्हणालो आणि असलं, तर आपल्याच गावाचं पाणी आपल्या हातानं गेलं. तो पाटावर गेला. काठी धरली, ती दोन्हीकडे बसली. पाण्याची खोली वितीने मोजली, तीही दोन्हीकडे तेवढीच. त्याने पुन्हा मोजली. सगळं सारखं. आता हो म्हणायला काय हरकत होती? पण होकार त्याच्या तोंडातून निघेना.

त्याची बायको गोदूबाई देवाचं निर्माल्य घेऊन पाटावर आली होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "अहो, पाणी मोजताय की पाण्यात सुतक पाळताय?" आणि तिने फुलांची परडी पाण्यात उपडी केली. थोडी फुलं उजव्या तोंडातून गेली, थोडी डाव्या. उजवीकडची झेंडूची फुलं सुटलेल्या वासरासारखी उधळली. डावीकडची, जत्रेत दुकानं बघत चालावं तशी निघाली.

पुन्हाभट बघतच राहिला. उजव्या पाटाचा तळ उताराचा होता, डाव्याचा सपाट, गाळाने भरलेला. तोंड सारखं, खोली सारखी, पण धाव सारखी नव्हती. इतक्या पिढ्या माणसं पाण्याची रुंदी बघत आली होती, पाण्याचे पाय कुणी बघितलेच नव्हते.

मग त्याने दोन्ही पाटांच्या काठाने सारख्या लांबीची दोरी ताणली. दोरीच्या एका टोकाशी वाळका भोपळा पाण्यात सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला तो पोचेपर्यंत श्लोक म्हणून वेळ धरायचा. पण गंमत अशी, की घाबरला की तो श्लोक भरभर म्हणायचा. एकदा उजव्या पाटाचं पाणी डाव्याच्या दीडपट आलं. दुसऱ्यांदा सव्वापट. तिसऱ्यांदा जवळजवळ दुप्पट. आखाजी उद्यावर आली आणि त्याच्याकडे तीन उत्तरं होती.

"मी उद्या काय सांगू?" तो ओसरीवर बसून म्हणाला. "कोणतंही सांगितलं तरी माझा आवाज कापेल. आणि ज्याचा आवाज कापतो त्याचं कोण ऐकतं?"

गोदूबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुम्ही एकटे मोजता म्हणून भिता. सगळ्यांना मोजू द्या की. त्यांना हात नाहीत का?"

असं म्हणतात, की हे ऐकून पुन्हाभट इतका वेळ विचार करत बसला, की अंगणातल्या चिमण्या त्याच्या पागोट्यावर येऊन बसल्या.

आखाजीला दोन्ही गावं पाटावर आली. निंबोळ्याच्या हातात पहारी होत्या, सालदऱ्याच्या हातात काठ्या. पुन्हाभट दोन तोंडांच्या मधल्या दगडावर उभा राहिला. आवाज कापायचा तसा कापलाच. पण तो म्हणाला, "उत्तर मी देणार नाही. मी चुकेन. गणित मी घालतो, उत्तर तुम्ही काढा. आधी सोपं घेऊ, हात बसू द्या."

लोक हसले. पहारी धरलेलेही हसले.

"एका पन्हळीत पाणी चार बोटं रुंद आणि दोन बोटं खोल वाहतंय. दुसऱ्या पन्हळीत दोन बोटं रुंद आणि चार बोटं खोल. धाव दोन्हीकडे तीच. पाणी कुठे जास्त?"

"रुंदवालीत," येसाजी पाटील लगेच म्हणाले. "दिसतंयच की."

"दिसतंय म्हणूनच फसताय, पाटील," पवळाबाई पलीकडून म्हणाली. "तेवढ्याच पिठाची भाकरी पातळ थापा नाहीतर जाड थापा. पीठ वाढतंय का? सारखंच पाणी."

"बरोबर," पुन्हाभट म्हणाला.

निंबोळ्याकडून मोठा हशा उठला. येसाजी पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "एक चुकलं. दुसरं घाला."

"दोन पन्हळी. रुंदी तीच, खोली तीच. पण एकीत पाणी चालतंय आणि दुसरीत दुप्पट वेगानं पळतंय. आता?"

येसाजी पाटलांकडे मेंढरं होती. ते कुणाला बोलू न देता म्हणाले, "हे मला विचारा. मेंढरांच्या वाड्याला दोन सारखी दारं. एका दारातून मेंढरं रमतगमत निघाली आणि दुसऱ्या दारातून लांडगा मागं लागल्यासारखी. तेवढ्याच वेळात पळणाऱ्या दारातून दुप्पट मेंढरं बाहेर. त्यात काय एवढं..."

आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांनी उजव्या पाटाकडे पाहिलं. मग डाव्या पाटाकडे पाहिलं. सगळ्या सालदऱ्याने आपल्या पाटलाचा चेहरा पाहिला, आणि हसणं थांबलं.

पुन्हाभटाने वाळके भोपळे पुढे केले. "आता खरं गणित. ज्याला पाहिजे त्याने मोजावं. वेळ ज्याला जसा धरता येईल तसा धरावा. फक्त जो उजवीकडे मोजेल त्यानेच डावीकडेही मोजायचं, म्हणजे एकाच्या घाईचा भार दुसऱ्यावर पडणार नाही."

पवळाबाईने ओव्या म्हणून मोजलं. उजव्या पाटात भोपळा पोचेपर्यंत तिच्या दोन ओव्या झाल्या, डाव्या पाटात तीन. कुणी नाडीवर बोट ठेवून मोजलं, कुणी चिलमीच्या झुरक्यांवर, एका कुंभाराने हवेतच चाक फिरवून मोजलं. आकडे निराळे निघाले, पण प्रमाण एकच आलं. निंबोळ्याला दोन घागरी जातात तेवढ्या वेळात सालदऱ्याला तीन.

असं म्हणतात, की तेवढा वेळ काणेरीवरचा वारा पडला होता. पाण्यावर सुरकुती नव्हती. मासे काठाला ओळीने थांबले होते, कारण त्यांच्या शेपटीने भोपळा ढकलला गेला असता तर उत्तर चुकलं असतं.

शेवटी येसाजी पाटील उठले. त्यांनी स्वतः भोपळा सोडला, स्वतः पावलं टाकत वेळ धरला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. उत्तर तेच आलं. त्यांनी भोपळा परत उचलला. मग म्हणाले, "पुन्हा मोजतो."

असं म्हणतात, की पुन्हाभट तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

पाटलांनी पुन्हा मोजलं. उत्तर पुन्हा तेच. तेव्हा ते निंबोळ्याच्या बाजूला गेले आणि पहार धरलेल्या एका गड्याला म्हणाले, "ती पहार दे." त्याने दिली, जरा भीतभीतच. पाटील पाण्यात उतरले आणि त्यांनी मधल्या दगडाच्या बुडाशी पहार घातली. बाकीचेही उतरले. ज्या पहारी बंधारा फोडायला आणल्या होत्या त्यांनी दगड सरकवला. निंबोळ्याचं तोंड रुंद झालं, सालदऱ्याचं अरुंद. मग पुन्हा भोपळे सुटले, पुन्हा ओव्या झाल्या, दगड अजून वीतभर सरकला. दोन्हीकडे सारखं पाणी जायला लागेपर्यंत उन्हं कलली होती.

"आता काठी लावून बघणाऱ्याला वाटेल आम्हीच चोर," पवळाबाई म्हणाली.

"वाटू दे की आक्का," येसाजी पाटील ओल्या धोतराने वर चढत म्हणाले. "तुमच्या वाटणीला थोडं तेही येऊ दे."

त्या वर्षी निंबोळ्याचा ऊस डोक्याच्या वर गेला. सालदऱ्याचा थोडा खाली उतरला, पण पिवळा पडला नाही. दोन वर्षांनी येसाजी पाटलांची नात निंबोळ्याला दिली. तिचं लग्न पुन्हाभटानेच लावलं, आणि मुहूर्त अर्थातच टळला.

पुढे तो फार म्हातारा झाला. त्याला नवीन चिंता लागली. आपण पाट मोजले, पण नदी कुठे मोजली? ती वरून किती आणते हे कुणाला माहीत आहे? एका सकाळी दोरी आणि भोपळा घेऊन तो काणेरीच्या काठाने वरच्या अंगाला निघाला. गोदूबाई बरोबर होती, शिदोरी घेऊन. दोघांना डोंगराच्या वळणापर्यंत लोकांनी पाहिलं, पुढे कुणीच पाहिलं नाही. असं म्हणतात, की तो अजून तिथे वर मोजतो आहे, आणि त्याचं मोजून होत नाही तोवर काणेरी आटणार नाही. दुष्काळाच्या वर्षी लोक डोंगराकडे बघून एकमेकांना धीर देतात, "भटाचं अजून झालेलं नाही."

आजही आखाजीला दोन्ही गावं मधल्या दगडापाशी जमतात. नारळ फुटतो, पण पाणी लगेच पुरतं सुटत नाही. आधी गणित घालायचं असतं, दर वर्षी नवं. पाट एवढा रुंद, एवढा खोल, पाणी इतकं धावतंय, तळाशी गाळ बसून खोली अर्धी झाली, तर वाटणी कशी करायची? पोरं सोडवतात, म्हातारे सोडवतात, नव्या सुनांना तर सोडवावंच लागतं. चुकलेल्याला कुणी हसत नाही. त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात आणि पुन्हा करायला सांगतात. मग सालदऱ्याचा एक आणि निंबोळ्याचा एक असे दोघं पाण्यात उतरून खरं माप घेतात. दोघांचं उत्तर जुळेपर्यंत पाणी अडवणारी पाटाची फळी पुरती उचलायची नाही, असा रिवाज आहे. एखाद्या वर्षी दुपार उलटते. मग घराघरांतून पुरणपोळ्या आणि आमरस पाटावरच येतो, दोन्ही गावं आंब्याच्या सावलीत एका पंगतीला बसतात, आणि हात धुऊन पुन्हा मोजायला उठतात.